चंबूत बुडबुडा नव्हता

त्या दिवशी रबरी नळीचं टोक माझ्या तळाशी, तेलात पूर्ण बुडालेलं होतं. निदान मला तसं आठवतं. पण मी म्हातारा, आणि स्वतःच्या आठवणीवर फारसा विश्वास न ठेवणारा. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, बोटभर चूक असू शकेल.

मी काचेचा फ्लास्क बोलतोय, खाली रुंद, वर निमुळता. माझी उमेदीची तीस वर्षं कर्जतच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. विद्यार्थी उत्तर आधी ठरवत आणि प्रयोग नंतर करत, हे मी रोज पाहिलं. पुढे नवं सामान आलं आणि आम्हा जुन्यांना भंगारात काढलं. कशेळ्याच्या गॅरेजवाल्या शकूर मिस्त्रीने मला तिथून उचललं, कारण माझ्या तोंडात दोन भोकांचं रबरी बूच अजून घट्ट बसत होतं. तो मला चंबू म्हणू लागला.

गाडीच्या ब्रेकच्या तेलात हवा शिरली की ब्रेक मऊ पडतो. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल, म्हणजे बारीकशी तोटी, सैल करून हवेसकट तेल बाहेर सोडायचं. शकूरसाठी पंधरा वर्षं ते पायडल त्याच्या बायकोने, नफिसाने दाबलं.

"दाब."

"दाबलंय."

"धरून ठेव."

"धरलंय. भात करपतोय तिकडं!"

मग तिचा गुडघा गेला आणि शकूर एकटा पडला. त्याने निपलला नळी जोडली, ती बुचातून माझ्या तळापर्यंत सोडली आणि माझ्यात चार बोटं ब्रेक ऑइल ओतलं. आता तो पायडल दाबायचा तेव्हा हवा माझ्यात येऊन बुडबुड्यांनी वर जायची, आणि सोडलं की नळी तेलच ओढायची, हवा नाही. दहा-बारा वेळा दाबून तो उठायचा आणि मला बघायला यायचा. बुडबुडे थांबले की काम झालं.

"माझ्या जागी चंबू आणलात," नफिसा दारातल्या खुर्चीवरून म्हणायची.

"चंबू बडबड करत नाय, हा त्याचा गुण."

"त्याला पाय बी नाय. अजून मऊ लागतंय, ते मी सांगायची. तो काय सांगणार?"

तेव्हा मला तिचं बोलणं मत्सराचं वाटलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी जितेश आला. तो वरच्या वाड्यांपर्यंत माणसं नेणारी जीप चालवायचा. पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळणारे लोखंडी जबडे, अडकत होते. शकूरने दोन्ही काढले, एकाच गोणपाटावर ठेवून साफ केले, परत बसवले. मग मला चाकाशी ठेवून हवा काढली. दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. दुसऱ्या चाकालाही तसंच.

शकूर पायडलवर पाय ठेवून थांबला. "जरा मऊ लागतंय रं."

"जुनी गाडी हाय, चाचा. दोनदा दाबला की लागतोय ना? माणसं उन्हात बसलीत."

"एकदा मला बसू द्या," नफिसा म्हणाली.

"तू गुडघा सांभाळ." शकूरने मला उचलून उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं. "चंबूत बुडबुडा नाय. मंग हवा नाय. जा रं."

त्याच दुपारी वाडीच्या उतारावर जितेशने ब्रेक दोनदा दाबला. तिसऱ्यांदा दाबायला वेळ मिळाला नाही. जीप मोरीच्या कठड्यावर आदळली. जितेशचा पाय मोडला. बाजार करून त्याच जीपने घरी निघालेली मंगळी जागीच गेली.

आठवड्याने तिचा नवरा शुक्रा गॅरेजसमोर येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"ब्रेक तुमीच केलता ना?"

"मीच. पण चंबूत बुडबुडा नवता, शुक्रा. तुला दाखवू?"

"चंबूत नसंल," शुक्रा म्हणाला आणि गेला.

त्यानंतर शकूरने ब्रेकचं काम हातात घेतलं नाही. जितेशने मोडकी जीप आणून त्याच्याच दारात टाकली आणि पुन्हा फिरकला नाही. मी फळीवर पडलो, आतलं तेल काळपट होत गेलं. नळी घसरली होती का? तेल कमी होतं का? ज्या साक्षीवर शकूरने गाडी सोडली ती माझी होती, आणि ती खोटी ठरली होती. का, ते कळत नव्हतं.

एकट्याने हे काम करणाऱ्यांनो, माझ्यासारख्याला जरूर वापरा. पण शेवटचा शब्द मला देऊ नका. माझ्यापर्यंत जे पोचतं तेवढंच मला दिसतं. पायाला शंका आली तर पायाचं ऐका.

सहा वर्षांनी भंगारवाला विकास जीप न्यायला आला. त्याने पुढची चाकं काढली तेव्हा शकूर शेजारी उकिडवा बसला होता. त्याने आधी एका कॅलिपरला हात लावला, मग वळसा घालून दुसऱ्याला. नफिसाला हाक मारली. ती भिंत धरत आली.

"उजवा डावीकडं बसवलाय मी," तो म्हणाला. "डावा उजवीकडं."

हवा तेलाच्या वर जमते, म्हणून ती बाहेर सोडणारा निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला असावा लागतो. त्या जीपचे दोन्ही निपल खाली, जमिनीकडे तोंड करून होते.