फाईल गेली, मी मागे राहिलो

मित्रांनो, मी एक जुना मराठी फॉन्ट आहे. दचकलात ना? झाड बोलतं, नदी बोलते, फाटकी छत्रीसुद्धा बोलते. मग अक्षरांच्या वळणाने दोन शब्द बोलले तर बिघडलं कुठे? तुम्ही मला ओळखत नसाल, पण वाचलेलं नक्की आहे. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सोसायटीची नोटीस, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, हरवलेल्या पोपटाची जाहिरात, सगळं माझ्याच अक्षरांत. वाचणारे म्हणायचे, पत्रिका झकास झालीय. अक्षर कुणाचं, असं मात्र कधी कुणी विचारलं नाही.

मला एका चित्रकाराने घडवलं. माझी एकेक वेलांटी त्याने चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढली, खोडली आणि पुन्हा काढली. माझा रफार मनासारखा उतरेना तेव्हा तो जेवायलाही उठला नव्हता म्हणतात. पुढे एका तबकडीवर बसून मी ठाकुर्लीला शिवरामकाकांच्या टायपिंगच्या दुकानात आलो आणि त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मुक्काम ठोकला. काका टाईपरायटरवर आयुष्य घालवलेले. मला पडद्यावर पाहिलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि एकटेच म्हणाले, “वा! काय घाटदार अक्षर आहे!” ती माझी पहिली शाबासकी. तशा नंतर फार मिळाल्या नाहीत, म्हणून लक्षात आहे.

आता माझं काम कसं चालायचं ते सांगतो. त्या काळच्या कॉम्प्युटरला मराठी धड येत नव्हतं. त्याला कळायची ती इंग्रजी अक्षरं. मग युक्ती अशी की इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर मी मराठी टोपी चढवायची. काका कळ दाबायचे, फाईलच्या पोटात इंग्रजी ‘डी’ जाऊन बसायचा आणि मी पडद्यावर ‘क’ दाखवायचो. फाईलला वाटायचं, आपल्याला मराठी येतं. कसलं येतंय! मी शेजारी होतो म्हणून तिचं निभावत होतं.

आणि इथेच माझ्या एकटेपणाची सुरुवात झाली. लोक आपली फाईल घेऊन जायचे, कुणी कल्याणला, कुणी ठाण्याच्या कचेरीत. फाईल जायची आणि मी मागे राहायचो. मला सोबत न्यायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बिचारी उघडली की तिच्या डोक्यावरची टोपी नाहीशी व्हायची. मग गिऱ्हाईक तणतणत परत यायचं, “काका, काय दिलंत हे? कचरा दिसतोय सगळा!” काका तीच फाईल आमच्याकडे उघडायचे आणि ती पुन्हा शहाण्यासारखी मराठी बोलू लागायची. गिऱ्हाईक कागदावर छापून घेऊन निघून जायचं. कामापुरता मामा कसा असतो, ते मी तेव्हा शिकलो.

एके दिवशी दुपारी गंगुबाई आल्या. डोंबिवलीच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या त्या धवलारीण, म्हणजे लग्नातले सगळे विधी गाण्यांवर लावून देणारी बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ते कुठे लिहिलेले नव्हते, गंगुबाईंच्या गळ्यातच होते. मासळी विकून झाली की रिकामी पाटी दुकानाबाहेर ठेवून त्या आत यायच्या.

“लिवा मास्तर,” त्या म्हणाल्या, “मी गेल्यावर पोरी काय गानार?”

मांडवासाठी खाडीकडच्या वाटेने उंबराची डहाळी आणायला जातानाचं गाणं त्या गात होत्या आणि काका टाईप करत होते.

उंबर आनाला निंगाल्या बायो, खारीचे वाटेनं,
नवरीचे मांडवान दिवा लावा गो, दिवा लावा.

कित्येक दुपारी हे चाललं. दुकान मासळीच्या वासाने भरायचं आणि काकांचा मुलगा जयेश नाक दाबून बाहेर जाऊन उभा राहायचा. मला नाक नाही, म्हणून मी तिथेच. पण खरं सांगतो, नाक असतं तरी मी हललो नसतो. पाण्याच्या नोटिसा दाखवून कंटाळलेल्या मला पहिल्यांदा कुणीतरी गाणं दिलं होतं. शेवटच्या दिवशी गंगुबाईंनी ओल्या पदराला बोट पुसून पडद्यावर टेकवलं. “यान माजा आवाज हाय?” त्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

“आहे तर,” काका म्हणाले. त्यांनी फाईल पेन ड्राईव्हवर घालून दिली. “घ्या. आता जगात कुठेही उघडा.”

जगात कुठेही! काका, काका, मी कुठे होतो त्यात? मी ओरडलो असतो, पण फॉन्टला आवाज नसतो, नुसतं वळण असतं.

मग नवे फॉन्ट आले. त्यांचं बरं आहे. आता कॉम्प्युटरलाच मराठी कळतं, फाईलच्या पोटातच खरा ‘क’ असतो, आणि फोनवर, कचेरीत, परदेशात तो ‘क’ म्हणूनच दिसतो. चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण वाईट वाटायचं ते वाटलंच. दुकान जयेशकडे गेलं. तिथे आधार कार्डाची आणि झेरॉक्सची कामं सुरू झाली, नवा कॉम्प्युटर आला. मी ज्याच्यात राहतो तो कॉम्प्युटर टेबलाखाली गेला आणि त्याच्यावर कोऱ्या कागदांचे गठ्ठे बसले. कितीतरी वर्षं आम्हाला कुणी सुरू केलं नाही. अंधार होता, त्याचं काही नाही. पण कुणी वाचतच नसेल तर अक्षराने असायचं तरी कशाला, हा विचार फार छळायचा.

अचानक एका सकाळी पंखा घरघरला आणि पडदा उजळला. समोर शिवरामकाका होते, पार थकलेले. शेजारी एक मुलगी उभी होती. ती गंगुबाईंची नात, प्राप्ती. ठाण्यात नोकरी करणारी.

“काका, परवा हळद आहे माझी,” ती सांगत होती. “आजीला अर्धांगाचा झटका आलेला ना, तेव्हापासून बोलताच येत नाही तिला. सगळे बोलतात डीजे लाव. पण तिने अख्ख्या गावाच्या पोरींची लग्नं गाऊन लावली आणि माझ्याच लग्नात डीजे? पेन ड्राईव्ह तिने पेटीत जपून ठेवलेला. ऑफिसात उघडला तर सगळा कचरा. मध्येच डॉलर, मध्येच कंस. आमचा आयटीवाला बोलला, करप्ट झालीय, डिलीट करून टाक.”

“आणि मी ही मशीन आज भंगारवाल्याला देणार होतो,” जयेश म्हणाला. “थोडक्यात वाचली.”

काकांनी फाईल उघडली. मी सगळं बळ एकवटलं. इतक्या वर्षांनी एखादा काना निसटला तर? पण नाही. उंबर आनाला निंगाल्या बायो. एकही मात्रा हलली नव्हती. काकांनी पुन्हा चष्मा पुसला.

प्राप्तीने लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला. “आजी, ऐक हां,” म्हणून ती वाचू लागली. पण चाल कुठे ठाऊक होती तिला? बातम्या वाचाव्यात तसे शब्द येत होते. फोनमधून काही आवाज येईना. ती थांबली, तिचा चेहरा पडला.

आणि मग फोनमधून एक घोगरा हुंकार आला. बोलू न शकणाऱ्या गंगुबाई गात होत्या. बोलणं गेलं होतं, गाणं राहिलं होतं. आधी नुसती चाल आली. मग चालीला धरून एक शब्द आला, मग दुसरा. दिवा लावा गो, दिवा लावा.

“अगं आजी!” प्राप्तीने फोन दोन्ही हातांत धरला. जयेशने झेरॉक्सचं मशीन बंद केलं. एक माणूस आधार कार्ड घेऊन दारात आला होता, तोही तसाच उभा राहिला. मी काय सांगू मित्रांनो, त्या घडीला मला चित्रकाराचे, काकांचे, सगळ्यांचे पांग फिटल्यासारखं वाटलं.

“हा फॉन्ट तुझ्या लॅपटॉपवर टाकून देऊ?” काकांनी विचारलं. माझा जीव वरखाली झाला.

“फोनवर चालेल का? मावश्या, काकू सगळ्या फोनवरच बघणार.”

“फोनवर नाही चालत हा,” जयेश म्हणाला. “पीडीएफ करून देतो. कुठेही उघडेल.”

आता ऐका. पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलसोबत जातो, पण अख्खा नाही. मजकुरात जेवढी अक्षरं लागतात तेवढीच. गंगुबाईंच्या बोलीत हळदीला हलद म्हणतात, म्हणून माझा ळ राहिला. आणायला आनाला म्हणतात, म्हणून ण राहिला. बाकीचे गेले, कोळीवाड्यातल्या बायकांच्या फोनांमध्ये जाऊन बसले. काका लग्नाला जाऊन आले. सांगत होते, बायका फोन हातात धरून गात होत्या आणि गंगुबाई खुर्चीत बसून चांगल्या हाताने ठेका धरत होत्या.

जयेशने भंगारवाल्याला पुन्हा बोलावलं आहे. त्याचंही खरं आहे, दुकान लहान, टेबलाखाली जागा लागते. काल काका आले, त्यांनी मला सुरू केलं, एक कोरं पान उघडलं आणि सावकाश एकच शब्द टाईप केला. सांभाळ. त्यात माझा मागे राहिलेला ळ होता. मग पान सेव्ह न करताच त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

मित्रांनो, लेकीला सासरी धाडताना आपण सोबत पाठराखीण देतो. फाईल परक्या घरी पाठवाल तेव्हा तिलाही द्या. आणि कधी तुमच्यासमोर एखादी जुनी फाईल उघडली, तिच्यात नुसता कचरा दिसला, कुणी शहाणा म्हणाला की बिघडलीय, पुसून टाका, तर एवढं करा, थोडं थांबा. हिच्या शेजारी पूर्वी कोण होतं, ते विचारा. ती बिघडलेली नसेल. नुसती एकटी पडली असेल.