तक्रारपेटी

"आकडा सांग, म्हणजे विषय संपला," दादा म्हणाला. "नाहीतर सरळ बॅग भर आणि माझ्याकडे चल."

"नाही सांगणार. काय करायचं ते कर," आई म्हणाली.

दोनदा गॅस चालू राहिला, तेवढ्यावरून दादानं ठरवून टाकलं होतं की आईला आता काही आठवत नाही, तिनं एकटीनं राहायचं नाही. टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिथली जुनी तक्रारपेटी आईनं घरी आणली होती. वर चिठ्ठी टाकायची फट, पुढे आकड्यांचं कुलूप. तो आकडा तरी तिला आठवतो का, हे त्याला बघायचं होतं. पण जिनं जन्मभर लोकांचे फोन जोडले आणि कानावर पडलेलं एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही, ती आकडा सांगणार? मला तिचा अभिमानच वाटला.

मी क्रिप्टोग्राफी शिकवते. गुपित न सांगता ते आपल्याला माहीत आहे हे कसं पटवायचं, यावरच माझं संशोधन. म्हटलं, "दादा, मनातला शब्द चिठ्ठीवर लिही, पेटीत टाक आणि बाहेर थांब. तिनं शब्द सांगितला, तर पेटी उघडली असं समज."

फटीतून चिठ्ठी ओढून काढता येऊ नये म्हणून दादानं खोलीतला चिमटासुद्धा उचलून बाहेर नेला. दार लागलं, थोड्या वेळानं उघडलं.

"पाणघोडा," आई म्हणाली.

"लागला असेल अंदाज," म्हणत त्यानं दुसरी चिठ्ठी टाकली. या वेळी ती तणतणतच बाहेर आली. "कोरी टाकतोस? आईला फसवतोस, गाढवा?"

दादा ओशाळला. "पटलं गं. पण तुझ्या सुनेला कसं पटवू? पुढच्या वेळी व्हिडिओ काढतो."

"वहिनी म्हणेल, शब्द आधीच ठरवला होता," मी म्हणाले. "समोर बसून विचारतो त्यालाच हे पटतं. एकदाच देऊन कायम दाखवता येईल असाही पुरावा असतो. मग पुन्हा कुणी विचारायला यावं लागत नाही."

"म्हणजे कुणी यायलाच नको?" आई उसळली. "नको मला तो. ज्याला शंका आहे त्यानं इथं यायचं, समोर बसायचं, विचारायचं. मी कुठंही येणार नाही."

आणि नाहीच गेली. शंका फिटली तरी दादा दर रविवारी चिठ्ठी घेऊन यायचा. आई शेवटपर्यंत चुकली नाही.

ती वारली, तेव्हा आकडाही तिच्याबरोबर गेला. पेटी आता माझ्याकडे आहे. परवा वहिनी म्हणाली, "कुलूप तोडून बघूया ना, आत काय आहे ते."

"हात लावून दाखव," दादा म्हणाला. मग खिशातली घडी घातलेली चिठ्ठी काढून त्यानं फटीतून आत सोडली.