सहाव्या भागातला आवाज

एकूण तेवीस कॅसेटी होत्या. आण्णामामांच्या ‘माळावरच्या ओव्या’चे सहा भाग, जालिंदरचा स्वतःचा एक, इतर मंडळांच्या नऊ, आणि दौंडच्या दुकानातून आवडीची गाणी निवडून भरून आणलेल्या सात. एकीची फीत गुंतली होती, ती पेन्सिलीने गुंडाळून घेतली. दोन डब्यांत दुसऱ्याच कॅसेटी निघाल्या, त्या जागेवर लावल्या. बाविसांच्या बाबतीत गाणारा कोण याबद्दल शंका नव्हती.

शंका सहाव्या भागाची होती. आणि ती काढायचं काम म्हाळसामामीने माझ्यावर टाकलं होतं.

आण्णामामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, कवठे येमाईचे. गावातल्या ओव्यांच्या मंडळात ते बावीस वर्षं पुढे उभे राहून गात होते. मागे झील धरणाऱ्यांत जालिंदर पहिला. मामांची ओळ संपता संपता तो उचलायचा. मामांचा सहावा भाग १९९९ मध्ये आला आणि २००० च्या दिवाळीत मामा गेले. आता चैत्राच्या यात्रेला पुढे कोण उभं राहणार, हे मंडळाला ठरवायचं होतं. जालिंदरने जागा मागितली. मंडळाचे प्रमुख सर्जेराव त्याला म्हणाले की तू झील धरणारा, तुझी कॅसेट कुणी फुकटसुद्धा घेतली नाही. त्यावर जालिंदर चारचौघांत बोलून गेला, “सहाव्या भागात आण्णा न्हाईतच. मीच हाय.”

मी कवठ्याला गेले तेव्हा मामीच्या अंगणात हेच चाललं होतं.

“त्याच तोंडानं मयताला चहा पाजत हिंडत व्हता,” मामी म्हणाली. “आन् आता माणूस गेल्यावर आवाज चोरतोय.”

“म्या म्हणलं, उचल भंडारा,” सर्जेराव म्हणाले. “देवाच्या वाटीतला भंडारा हातात घे आन् म्हण, मी गायलोय. मान खाली घातली पठ्ठ्यानं. खरं असतं तर वाटी रिकामी केली असती.”

“गाऊन दाखव म्हणायचं ना, आप्पा,” मी सर्जेरावांना म्हणाले.

“दाखवलं की. हुबेहूब. पर वीस वरसं मागं उभा हाय तो. पोपट बी बोलतो.”

मामी रोज सकाळी शेण-पाणी झालं की सहावा भाग लावायची. पहिली बाजू संपेपर्यंत तिची भाकरी व्हायची. मामांच्या इतर कॅसेटी ती लावत नसे. शेवटचा आवाज हाच, म्हणून हाच. तो मामांचा नसेल, तर ती गेले तीन महिने रोज सकाळी भलत्याच माणसाचं गाणं ऐकत होती.

“तू शिकलेलीस, प्रतिभा,” ती म्हणाली. “तुझ्याकडं सगळ्या टेपा हायत्या. तोंडावर पाड त्याला.”

मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलेली, शिरूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत तात्पुरती लागलेली. कुणालाही तोंडावर पाडणं माझ्या कामात बसत नव्हतं. पण खरं सांगायचं तर जालिंदरवर माझाही विश्वास नव्हता.

अकरा दिवसांत मी तेवीसही कॅसेटी दोन्ही बाजूंनी ऐकल्या. माझी एक वही आहे. नवीन कॅसेट आली की त्यात मिनिटं, पट्टी आणि मत लिहायचं, दहापैकी गुण द्यायचे, अशी बारावीपासूनची सवय. या वेळी जुनी मतं झाकून ठेवून नव्याने लिहिली आणि मग ताडून पाहिली.

भाग एक: सहा. आवाज कच्चा, पण घाई नाही. ढोल माइकच्या फार जवळ. भाग दोन: आठ. लांब ओळीत मामा मध्येच श्वास चोरतात, पण कुठे ते सापडत नाही. भाग तीन: पाच. कंपनीने बासरी घातली आहे. मेंढरांच्या मागे चालताना बासरी वाजते, असं पुण्यात कुणीतरी ठरवलेलं दिसतं. भाग चार: साडेसात. भाग पाच: पाच. दम कमी पडतोय, ओळीचं शेपूट मागच्यांवर सोडलंय. भाग सहा: नऊ. सर्वांत मोकळा. पहिल्या बाजूच्या शेवटून दुसऱ्या ओवीत मेंढी हरवते तिथे आवाज थांबतो आणि पुन्हा लागतो, ते पुन्हा पुन्हा ऐकावं असं.

जालिंदरची कॅसेट: तीन. नाकात गातो, प्रत्येक ओळ ढकलतो, मागे की-बोर्ड.

जुनी मतंही जवळजवळ हीच होती. पाचव्या भागात दमलेला माणूस दोन वर्षांनी नऊ गुणांचं कसा गातो, हा प्रश्न मात्र मी १९९९ मध्ये स्वतःला विचारला नव्हता. तेव्हा नुसतं लिहिलं होतं, “मामा सावरले.”

दुसरी गोष्ट पट्टीची. शेजारच्या भजनी मंडळाची पेटी आणून मी प्रत्येक भागाशी लावून पाहिली. एक ते पाच, सगळे काळी एकला. सहावा काळी दोनला, म्हणजे एक पूर्ण स्वर वर.

मी मामीला फोन केला. फोन सर्जेरावांच्या घरी, तिला बोलावून आणावं लागलं.

“मामा कधी वरच्या पट्टीत गायचे?”

“कवाच न्हाई. वर चढलं की खोकला लागायचा. शेवटी शेवटी तर खालीच उतरले व्हते.” मग तिचा आवाज बदलला. “का गं?”

मी कारण सांगितलं. तिच्या हातून सर्जेरावांनी फोन घेतला. “त्यात काय? कंपनीवाले टेप पळवतात. दौंडच्या सत्यजीतला इचार.”

शनिवारी मी दौंडला गेले. सत्यजीतचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. तुम्ही यादी द्यायची, तो दोन डेक लावून तुमची कॅसेट भरून देणार. माझ्या सातही त्यानेच भरलेल्या.

“ओव्यावाल्या ताई आल्या,” तो म्हणाला. “आज काय, परत मेंढरंच का जरा नवीन पिक्चरचं भरू?”

“कंपन्या टेप पळवतात का?”

“पळवतात की. पासष्ट मिनिटांचं गाणं साठात बसवायचं असलं तर काय फीत ओढून लांब करणार? स्पीड वाढवायचा. म्हातारा जवान होतो. ऐकणाऱ्याला काय कळतंय.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही सोडून.”

“तुम्ही पळवता?”

“माझे डेकच आपल्या मनानं पळतात. म्हणून तर स्वस्तात देतो.”

सातही भरलेल्या कॅसेटी मी मोजणीतून काढून टाकल्या आणि त्याच्याकडून सहाव्या भागाची एक सीलबंद प्रत विकत घेतली. पासष्टचं साठात बसवलं तर पट्टी पूर्ण स्वरभर चढत नाही, थोडी कमी चढते. पण सदुसष्ट-अडुसष्टचं बसवलं तर चढते. सर्जेराव बरोबर असू शकत होते. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणूनच मी त्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं.

परतीच्या वाटेवर पाटसला उतरले. जालिंदर हंगामात कारखान्यात गव्हाणीवर असतो, ऊस पडतो तिथे. पाळी सुटायची वेळ होती. अंगावर बगॅसचा, उसाच्या चिपाडाचा भुसा, डोक्याला टॉवेल. मला बघून हसला नाही.

“मामीनं धाडलं?”

“मीच आले. भंडारा का उचलला नाही?”

तो चहाच्या टपरीच्या बाकावर बसला. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग हळूहळू पुढे सरकत होती.

“सहावा भाग भरताना पैल्या दिवशी समद्यांनी झील भरली आन् मंडळी गावाला गेली,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी आण्णा गाणार व्हते. मी नुसता सोबत. आण्णांचा आवाज लागंना. तीन डाव पाणी प्याले. मंग पिशवीतनं भंडाऱ्याची पुडी काढली, माझ्या हातावर ठिवली आन् म्हणले, तू गा, आन् हे कवा कुणाला सांगू नको.”

“पण सांगितलंत.”

“सांगितलं. सर्जेराव तसं बोलला आन् सुटलं तोंड. त्या भंडाऱ्याला मी खोटा पडलोय. आता त्याच भंडाऱ्यावर परत हात टाकू?”

“मागची झील आदल्या दिवशी काळी एकला भरली असेल. तुम्ही वर कसे गायलात?”

“झील बी परत भरली की. आदल्या दिवसाची मोडली. मी एकट्यानं चार डाव गायली, स्टुडिओवाल्यांनी एकावर एक चढवली. ऐक नीट. मागं चौघं वाटतात, पर चौघं बी मीच हाय.”

“आणि तुमची स्वतःची कॅसेट? तीन गुणांची?”

“कसले गुण?”

मी वहीबद्दल सांगितलं. या वेळी तो हसला. “तीन जास्तच दिले, पोरी. मी त्यात मुद्दाम नाकात गायलो. माझ्या आवाजात गायलो असतो तर सहाव्या भागातला कोण ते लोकांनी वळखलं असतं.”

प्रत्येक प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, त्याच्याबद्दल माझा संशय वाढतो. त्याचं बोलणं कुठेही तुटत नव्हतं, आणि एकही गोष्ट तपासता येण्यासारखी नव्हती. घरी येऊन झील पाच वेळा ऐकली. चौघं एकच वाटले. पण तसं सांगितल्यावर कुणालाही वाटलं असतं.

तपासता येण्यासारखी गोष्ट मला त्याच दिवशी परतीच्या एसटीत सुचली होती. न्हावऱ्याच्या पुढे. गाडीत ट्यूबलाइट गुणगुणत होती.

स्टुडिओत अर्थिंग नीट नसलं की गाण्याबरोबर विजेची घरघरही फितीवर उतरते. वीज एका सेकंदात पन्नास हेलकावे घेते, म्हणजे एक हेलकावा वीस मिलिसेकंदांचा. आपल्याकडे वीज कमी असते, तेव्हा विसाच्या किंचित वर. फीत पळवली तर गाणं चढेल, पण घरघरही तेवढीच चढेल. एक पूर्ण स्वर चढवला असेल, तर हेलकावा अठराच्या आसपास येईल. दोन ओव्यांच्या मधल्या शांततेत ही घरघर पडद्यावर मोजता येते, आणि तो पडदा आमच्या प्रयोगशाळेत आहे. सीआरओ म्हणतात त्याला. हिरवी रेघ हलते आणि चौकटी मोजायच्या.

सोमवारी प्रात्यक्षिकं संपल्यावर टेपरेकॉर्डरची वायर त्याला जोडली. सहावा भाग: २०.२. म्हणजे टेप पळवलेली नाही. मग सवयीने कोरी कॅसेट लावली. तीही २०.२. म्हणजे मी सहावा भाग मोजलाच नव्हता. माझ्याच टेपरेकॉर्डरची घरघर मोजत होते, तो विजेवर चालत होता ना. पहिला आकडा खोडला. खोडताना बरं वाटलं, हेही वहीत लिहून ठेवलं.

चार मोठे सेल आणले. प्लग काढून सेलवर कोरी कॅसेट लावली तेव्हा रेघ सरळ झाली.

बुधवारी दुपारी मामी आणि सर्जेराव शिरूरला आले. मामीने नेहमीचं लुगडं नेसलं नव्हतं, कार्याचं नेसलं होतं. प्रयोगशाळेत शिरताना तिने चपला बाहेर काढल्या.

“राहू दे, मामी.”

“असू दे. शिकायची जागा हाय.”

मी दोघांना आधीच सगळं समजावलं. नंतर कुणी अर्थ बदलू नये म्हणून फळ्यावर लिहिलं. अठराच्या जवळ आलं तर टेप पळवलेली, म्हणजे काळी एकला गाणारे आण्णामामाच. विसाच्या जवळ आलं तर टेप जशीच्या तशी, म्हणजे गाणारा काळी दोनलाच गायला, म्हणून जालिंदर. कारण मामा त्या पट्टीत जात नव्हते, हे मामीचंच म्हणणं.

“व्हय,” मामी म्हणाली. “मीच म्हणले.”

“जे येईल ते मंडळ मानील,” सर्जेराव म्हणाले. “मशीनला काय कुणाचा भाऊबंद न्हाई. अठराच येतंय बघ. त्यो येडा उगा गव्हाणीत ऊस टाकायचा सोडून...”

“आप्पा, गप बसा जरा,” मामी म्हणाली.

आधी भाग एक लावला, मामांच्या आवाजाबद्दल वाद नव्हता तो. २०.३. मग भाग चार. २०.४. दोन्ही जशाच्या तशा टेपा, म्हणजे टेपरेकॉर्डरचा वेग ठीक. मामी पडद्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होती.

मग सहावा भाग. पहिल्या बाजूच्या शेवटच्या दोन ओव्यांच्या मधे पावणेचार सेकंद शांतता आहे. मी गाणं तिथवर पुढे नेलं. मेंढी हरवते ती ओळ आली, आवाज थांबला, पुन्हा लागला. मामीचे ओठ हलले. मग शांतता. हिरवी रेघ हलली. मी चौकटी मोजल्या. मागे नेऊन पुन्हा मोजल्या, आणि तिसऱ्यांदा. दुसरी बाजू लावून तेच केलं. मग दौंडहून आणलेली सीलबंद प्रत फोडली आणि तीही मोजली.

“किती आलं?” मामीने विचारलं.

मी वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचलं.

भाग सहा, पहिली बाजू: २०.४. दुसरी बाजू: २०.४. दौंडची प्रत: २०.३ मिलिसेकंद.