नायकाच्या पायाखालचा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. हॉलिवूडच्या एका गाजलेल्या नायकाची अर्धी उंची माझी होती, हे सांगायला मला आता मुळीच संकोच वाटत नाही.

मित्रांनो, स्टुडिओत मला 'सफरचंदाचा खोका' म्हणत. सफरचंद मी जन्मात पाहिलं नाही. नील्स नावाच्या सुताराने मला देवदाराच्या फळ्यांतून घडवलं, तेच मुळी एमेट क्रॉलीसाठी. एमेट नेब्रास्काहून आलेला, दिसायला राजबिंडा, पण अंगाने बुटका. नायिका व्हर्ना त्याच्याहून वीतभर उंच. त्यामुळे प्रेमाचा प्रसंग असो की तलवारीचा, एमेट माझ्यावर चढे. कॅमेरा कमरेच्या वरचंच टिपे आणि साऱ्या देशाला तो सहाफुटी वाटे. दृश्य संपलं की मात्र तो मला पायानेच सोफ्याखाली सारी. मला फार वाईट वाटे.

मग बोलपट आले. मूकपटांत मी कितीही कुरकुरलो तरी कुणाला ऐकू जात नसे. एमेटच्या पहिल्याच बोलत्या दृश्यात मी तीनदा 'कर्र' केलं. ध्वनिमुद्रक ओरडला, "अरे, दार कोण उघडतंय?" निर्माता तापला. "अजून एकदा बिघडलं, तर न्यूयॉर्कहून उंच नट आणतो!"

मी लाजेने अर्धमेला झालो. माझ्यामुळे एमेटच्या पोटावर पाय येणार होता. एमेटने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली उतरला.

"अरे, तू तिच्या जेमतेम खांद्याला लागशील!" नील्स म्हणाला.

"लागू दे."

"मान वर करून बोल," व्हर्ना हसून म्हणाली. "एवीतेवी या दृश्यात माफीच मागायची आहे ना तुला माझी?"

मान वर करून त्याने अशी माफी मागितली, की ध्वनिमुद्रक डोळे पुसत आपल्या खोलीतून बाहेर आला. चित्रपट तुफान चालला. बुटका एमेट लोकांना जास्तच आपला वाटला. पुढची वीस वर्षं तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला. मी कोठारात रंगाचे डबे अंगावर घेऊन पडून होतो.

एका संध्याकाळी नील्सने मला पुसून एका मोठ्या सभागृहात नेलं. एमेटचा सत्कार होता. तो बोलायला गेला, तर उंच मेजामागे त्याचं नुसतं कपाळच दिसू लागलं! लोक हसू दाबू लागले. तेवढ्यात ध्वनिक्षेपकातून आवाज आला, "नील्स, माझा खोका आण रे!"

भर सभेत, 'माझा' म्हणून! तो माझ्यावर चढला आणि मी सवयीप्रमाणे कुरकुरलो. साऱ्या सभागृहाने ते ऐकलं.

"हा माझा सगळ्यात जुना जोडीदार," एमेट म्हणाला. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्यांत माझाही वाटा होता, मित्रांनो! तुम्हीही ज्याच्या आधाराने उंच झालात, त्याला पायाने सारू नका. हाताने उचला.

नील्स हातोडी घेऊन पुढे आला. "थांब, खिळा ठोकतो."

"राहू दे," एमेट म्हणाला. "मी त्याला वीस वर्षं गप्प ठेवलं. आज बोलू दे."