भिंतीवर टांगलेल्या काठ्या

"वाढला! शालनचा पाय वाढला!"

आमची शेजारीण जनाबाई ओरडली आणि उल्हासनगरातला तो अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. स्टेजवर लाकडी खुर्चीत माझी बायको शालन बसली होती. तिच्यासमोर गुडघे टेकून बसलेल्या माणसाने तिचे दोन्ही पाय उचलून टाचा हातात धरल्या होत्या. त्याच्या कपाळाला गंध नव्हतं, गळ्यात माळ नव्हती. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट होता आणि खिशातून नालेच्या आकाराचं लोहचुंबक डोकावत होतं. लोक त्याला प्रोफेसर म्हणायचे.

"देखो, नीट बघा!" प्रोफेसर गरजला. "डावा पाय छोटा होता का नाही? मी ओढतोय का? ताकत लावतोय का? ये सिर्फ मॅग्नेटिक करंट है! इथे देव नाही, भूत नाही, लिंबू नाही, नारळ नाही. प्युअर सायन्स! अमेरिकेत हाडांचे दवाखाने बंद पडले, माहिती आहे?"

मी पहिल्या रांगेत होतो. दोन बोटं आखूड असलेला शालनचा डावा पाय हळूहळू पुढे आला आणि उजव्याच्या बरोबर झाला. हे मी स्वतः पाहिलं.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहतो. माझ्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, बुवा नाही. प्रोफेसर अंगात आणून घुमला असता तर शालननेच त्याला हाकलला असता. पण तो विज्ञान म्हणाला. त्या एका शब्दावर आमच्या वस्तीतली निम्मी माणसं त्याच्या रांगेत उभी राहिली.

आणि शालनला कुठेतरी उभं राहणं भागच होतं. तिला दुखायचं गुडघ्यात. म्हणून सगळ्यांनी गुडघाच पाहिला. गुडघ्याचे फोटो काढले, गुडघ्याला मलम लावलं, पट्टा बांधला, सुया दिल्या. यात वर्षं गेली. ती लंगडायला लागली तेव्हा एक डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." ती मुळात काडीसारखी होती. शेवटी मुंबईच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला आडवं झोपवलं आणि मांडी बाहेर वळवली. शालन किंचाळली. बाई म्हणाल्या, "गुडघा चांगला आहे हो. खुबा गेलाय, त्याचं दुखणं गुडघ्यात उतरतंय. वाटीतला गोळा झिजून बसलाय, म्हणून पाय आखूड झालाय. आधी का नाही आणलंत?"

आम्ही आणतच होतो.

सांधा बदलायचं ठरलं आणि नंबर लागायची वाट बघणं सुरू झालं. खालच्या किराणा दुकानात फोन येणार होता. फोनची घंटा वाजली की शालन खिडकीत जायची. दुकानदार मान हलवायचा, ती परत फिरायची. दुखण्याने तिला कूस वळता येत नव्हती. त्यात कुणीतरी तिला सांगितलं, ऑपरेशननंतर मांडी घालून बसता येत नाही. विहारात सगळ्या बाया खाली बसणार आणि आपण खुर्चीत, हे तिच्या मनाला लागलं. अशा वेळी जनाबाई तिला प्रोफेसरकडे घेऊन गेली.

पाय 'वाढल्यावर' प्रोफेसरने विचारलं, "बोलो बहेनजी, दुखतं का?"

"नाही," शालन म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"काठी द्या इकडे! आता काठी पकडली तर करंट उलटा जाणार. आणि अंगाला सुरी लावायची नाही. लोखंड लागलं की मॅग्नेट खतम!"

शालनने काठी देऊन टाकली. त्याच्या माणसाने ती मागच्या भिंतीवर टांगली. तिथे आधीच काठ्याच काठ्या होत्या, कुबड्याही होत्या. नवा माणूस आत आला की आधी ती भिंत बघायचा आणि तिथेच अर्धा बरा व्हायचा.

घरी आल्यावर शालन काठीशिवाय हिंडायला लागली. ओठ दाबून हिंडायची. मी म्हणालो, "दुखतंय ना?"

"ती सवय आहे. पाय वाढलाय, तुम्ही बघितला ना?"

"चालताना लंगडतेस तेवढीच."

"तुम्हाला मी बरी झालेली बघवत नाही का?"



आणि नेमका तेव्हा दुकानदार वर आला. दवाखान्यातून फोन होता. बेड रिकामा झाला होता. सोमवारी सकाळी आलात तर ठीक, नाहीतर पुढच्याला देणार.

"देऊ दे पुढच्याला," शालन म्हणाली. "मला सुरी लावायची नाही."

मी समजावलं, रागावलो, हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग मी आमच्या मुलीला, अंजनाला, बोलावून घेतलं. ती बदलापूरला शाळेत गणित शिकवते. अंजना थेट घरी आली नाही. आधी उल्हासनगरला जाऊन प्रोफेसरचा खेळ बघितला आणि रविवारी दुपारी आमच्याकडे आली.

"अण्णा, खुर्चीत बसा," ती मला म्हणाली. "पाय उचला. आई, अण्णांचा कुठला पाय मोठा करू?"

शालन नाइलाजाने हसली. "पाय राहू दे. त्यांचं तोंड लहान होतंय का बघ."

अंजनाने माझ्या टाचा दोन्ही हातांत धरल्या. "हा बघ डावा." डावा पाय पुढे आला. "आता उजवा." उजवा पुढे आला. माझे पाय जन्मापासून सारखे आहेत. मला काही कळलंही नाही.

"अगं बाई!" शालन उठून बसली. "हे कसं केलंस?"

"हॉलमध्ये सगळे टाचांकडे बघत होते. मी गुडघ्यांकडे बघितलं. गुडघे सरळ समोर नव्हते, खुर्चीतल्या माणसाच्या डाव्या बाजूला गेले होते, एवढेसेच. आई, पाय कंबरेच्या दोन टोकांपासून निघतात. दोन्ही पाय मिळून डावीकडे नेले की डाव्याला जवळ पडतं. उजव्याला लांबून यावं लागतं, म्हणून तो मागे राहतो. लोकांना वाटतं डावा वाढला. गुडघे सरकलेले कुणाला दिसू नयेत म्हणून त्याची बडबड चालू असते."

"पुन्हा कर."

अंजनाने पुन्हा केलं.

"पुन्हा."

या वेळी शालनने वाकून माझ्या गुडघ्यांवर हात ठेवला. गुडघे सरकले ते तिला हाताला कळलं. 

"म्हणजे माझा पाय आहे तेवढाच आहे."

"हो, आई."

"मग न्या मला उद्या." ती माझ्याकडे वळली. "आणि अहो, माझी काठी आणा."

मी धावत उल्हासनगर गाठलं. हॉलला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "चावी साहब के पास. कल आना." खिडकीच्या गजांतून मला तिची काठी दिसत होती. मुठीला तिने स्वतः लाल चिंधी गुंडाळली होती.

सोमवारी सकाळी रिक्षा खाली उभी होती. आमचा जिना एका माणसापुरता. पुढे मी, मागे अंजना, मध्ये शालन कठडा धरून. जिन्यावर शरीराचा भार ती नेहमी काठीवर टाकायची. सवयीने तिचा काठीचा हात खाली गेला. हातात काही नव्हतं.

मला तिला धरता आलं नाही.

मांडीचं हाड खुब्याच्या खालीच मोडलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "आता आधी हे सांभाळावं लागेल. सांधा नंतर." ज्या बेडसाठी आम्ही एवढे थांबलो होतो तो तिला मिळाला. त्यावर ती पायाला वजनं बांधून पडून राहिली. एका सकाळी मी चहा आणायला खाली गेलो, परत आलो तर तिला श्वास लागला होता. त्यातच ती गेली. पायातल्या रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली, असं त्यांनी सांगितलं.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी आणि अंजना त्या हॉलमध्ये गेलो. मी रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "साहेब, माझा उजवा पाय आखूड आहे."

प्रोफेसरने टाचा धरल्या. "देखो भाइयों, केवढा आखूड! आणि आता... वाढला!"

टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. "माझे दोन्ही पाय सारखे आहेत. पाहिजे तर आता डावा वाढवून देतील ते."

अंजना पुढे आली. "साहेब, माझ्या वडिलांना भिंतीला पाठ टेकवून बसवू. दोन बाया कंबर धरतील, दोन गुडघे धरतील. मग वाढवा."

"ऐसे नहीं होता, बेटी! अविश्वास असेल तिथे करंट चालत नाही."

"विजेच्या तारेला अविश्वासाने हात लावला तर झटका बसत नाही का? विश्वास ठेवल्यावरच चालतं ते विज्ञान कसलं?"

कुणीतरी हसलं. अंजनाने मला परत बसवलं आणि गर्दीला जवळ बोलावून सगळं करून दाखवलं. माझे पाय त्या दिवशी किती वेळा लहानमोठे झाले, मोजलं नाही. प्रोफेसर मागच्या दाराने कधी गेला तेही कळलं नाही. काहीजण आम्हालाच शिव्या देत निघून गेले. जनाबाई स्टेजखाली बसून रडत होती.

एक म्हातारी भिंतीपाशी गेली आणि वर बघत म्हणाली, "भाऊ, माझी कुठली ती काढून दे रे." मग दुसरी आली. आम्ही काठ्या उतरवायला लागलो. काही काठ्यांना मालक उरला नव्हता.

लाल चिंधीची काठी मी घरी आणली. ती दाराशी उभी आहे. तुम्हाला एवढंच सांगतो. डॉक्टर चुकतात, आमच्या बाबतीत वर्षानुवर्षं चुकले. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, तिसऱ्याला दाखवा, भांडून दाखवा. कुणी देवाच्या नावाने येवो की विज्ञानाच्या, त्याला म्हणा, पुन्हा करून दाखव, आणि या वेळी गुडघे आम्ही धरतो. आणि तोवर आपली काठी हातातून सोडू नका.