तुरीची मूठ

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये पितांबर आबा तूर घ्यायचे ती दातांवर. ओलावा मोजायचं यंत्र टेबलावर होतं, तरी आबा दाणा चावूनच बघायचे. कट् वाजला तर कोरडा, दबला तर ओला. गेल्या वर्षी त्यांना कवळी बसली आणि ही परीक्षा संपली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या मुहूर्ताला नमुन्याची मूठ ज्याच्या हातावर ठेवीन, यापुढे खरेदी त्याची, असं त्यांनी दोन्ही मुलांना सांगून टाकलं.

मूठ आपलीच, याबद्दल थोरल्या हितेंद्रला शंका नव्हती. म्हणून तर धाकट्या नीलेशला त्याने स्वतःच पुढे केलं होतं. घरचा धंदा पुढच्या पिढीकडे भांडणाशिवाय जावा म्हणून आबांनी धुळ्याचे सल्लागार प्रेमराज सर यांना बोलावलं होतं. आधी माझ्याबरोबर कोण बसणार, असं सरांनी विचारलं, तेव्हा हितेंद्र हसून म्हणाला होता, "नील्याला बसवा. शिकवणी कच्च्या पोराला लावतात."

आता दर मंगळवारी ते दोघं काचेच्या केबिनमध्ये बसत. चाळणीच्या खडखडाटात हितेंद्रला शब्द ऐकू येत नसत, पण नीलेश बोलताना सर मान डोलावत, ते दिसे. आपलं कोणी कधी असं ऐकून घेतलंय का, हे तो आठवून बघे. पुढेपुढे जेवताना आबाही विचारू लागले, "नीलेश, तुला काय वाटतं?" मग हितेंद्र अर्ध्या ताटावरून उठे. आपला काटा कसा काढायचा हेच सर नीलेशला शिकवत असणार, अशी त्याची खात्री झाली.

आखाजीला अमळनेरचे व्यापारी झुलालनाना नमुना घेऊन आले. आबांनी मूठ भरली आणि सरळ नीलेशच्या हातावर ठेवली.

हितेंद्र उठून जाणार, तोच नीलेशने तळहात त्याच्यापुढे धरला. "दादा, भाव मी बोलतो. दाणा तू सांग."

ज्यासाठी आपण झुरलो, ते याने इतक्या सहज पुढे करावं, हे हितेंद्रला जास्तच झोंबलं. तरी त्याने दाणा चावला. वरून कडक, पोटात दबला.

"ओली आहे."

"किती?" नीलेशने विचारलं आणि तो गप्प राहिला.

त्या गप्प राहण्यात हितेंद्र बोलत गेला. साल सुकलीय, आतला गर नाही. चांगलं ऊन दिलं तर माल चालेल, पण वजनातली घट भावात धरा. बोलताना त्याने वर पाहिलं. नीलेश मान डोलावत होता, हुबेहूब सरांसारखी.

म्हणजे सर हे शिकवत होते.

झुलालनाना कुरकुरत भाव उतरवायला तयार झाले. "आबा, तुमची कवळी परवडली असती," ते म्हणाले.

हितेंद्र चाळणीमागे गेला आणि त्याने धुळ्याला फोन लावला. मंगळवारी आपल्यालाही थोडा वेळ द्या, म्हणाला. सरांना आनंद झाला. नीलेशचं आटोपलं की बसू, ते म्हणाले.

"नाही सर," हितेंद्र म्हणाला, "आधी मी."