माझ्या पायांवरची पिवळी रेघ

मी चतुर बोलतोय. हे नाव माणसांनी दिलं, त्यामुळे त्यात माझा दोष नाही. त्यांनी नाजूक अंगाच्या माझ्या भावंडांना टाचणी म्हटलं, आणि मला चतुर. स्वतःसाठी त्यांनी काय नाव ठेवलंय, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

माझं बालपण तळ्याच्या तळाशी, चिखलात गेलं. मग एका सकाळी लव्हाळ्यावर चढलो, पाठ फाटली आणि मी बाहेर पडलो. आधी पिवळट होतो, हळूहळू लाल झालो.

या तळ्यावर लाल चतुरांच्या दोन जाती आहेत. दुसऱ्या जातीचे पाय काळेकुट्ट, आमच्या पायांवर पिवळी रेघ. त्यांची कंबर जरा बारीक, आमची सरळ. आमच्या बायका आम्हाला बरोबर ओळखतात. माणसांना मात्र त्यासाठी जाळी, भिंग, दुर्बीण आणि भांडण लागतं.

भांडणारे दोघं सख्खे भाऊबहीण. दादाचं चष्म्याचं दुकान. निम्म्या गावाला त्यानं नजर दिली, असं तो स्वतःच सांगायचा. बहीण पन्नाशीची, तरी तिला तो छकुली म्हणायचा. हंगामाच्या सुरुवातीला त्यानं माझ्या एका भाऊबंदाला चारचौघांत काळ्या पायांचा ठरवलं. छकुली म्हणाली, "दादा, रेघ आहे." झालं. एवढ्या कारणावरून दोघांचा अबोला. मी तेव्हा त्यांच्या पायाखालच्या फळीखाली, पाण्यात होतो. आमच्यात भूक लागली की भावाला खातात, पण अबोला धरत नाहीत.

मग एक दिवस दोघं पुन्हा बरोबर आले. वहिनीनं छकुलीला फोन केला होता म्हणे, की हे चहा कपाबाहेर ओततात आणि डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात.

जाळी छकुलीनं टाकली. मी सापडलो. दादानं माझे चारही पंख चिमटीत धरले, भिंग डोळ्याला लावलं आणि ऐटीत म्हणाला, "बघ. पाय काळे."

भिंग माझ्या शेपटीवर होतं.

छकुलीनं एकदा भिंगाकडे पाहिलं, एकदा भावाच्या डोळ्यांकडे. तिचा चेहरा उतरला. "हो दादा," ती म्हणाली, "काळेच आहेत."

मला चीड आली. जात माझी, आणि परस्पर तडजोड करणार हे.

दादा म्हणाला, "तू माझं ऐकायला कधीपासून लागलीस?"

तिनं जाळी गुंडाळायला घेतली.

"रेघ आहे ना, छकुले?"

"आहे. चांगली ठसठशीत आहे."

"मला तेव्हाही दिसली नव्हती." त्यानं भिंग खिशात टाकलं. "गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानात कोण येईल? चष्मेवाला आंधळा होतोय म्हणून हसतील."

"हसू देत. उद्या दवाखान्यात जायचं. मी येते."

"वहिनीला नको सांगू."

"तिनंच मला पाठवलंय, दादा."

त्यानं चिमटी सोडली. मी उडालो, पण एका पंखाचं टोक त्याच्या बोटांत राहिलं. एवढ्या मोठ्या कौटुंबिक समेटात माझ्या पंखाची कोण चौकशी करतो?

काही आठवड्यांनी दोघं पुन्हा आले. दादाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, दुसऱ्याच्या दुकानातला. ऑपरेशन झालं होतं. मी समोरच लव्हाळ्यावर पाय ताणून बसलो, म्हटलं आता तरी नीट बघ. त्यानं चष्मा काढला आणि माझ्याकडे पाठ करून बहिणीलाच न्याहाळत राहिला.

"छकुले, तू केवढी म्हातारी झालीस गं."

"कधीचीच झालेय," ती म्हणाली, आणि डोळे पुसत हसली.

आता सकाळी गारठा असतो. ऊन अंगात मुरल्याशिवाय मला उडता येत नाही, आणि ऊन रोज उशिरा येतं. माझे फार दिवस उरलेले नाहीत. तुम्ही तळ्यावर आलात तर जरा लांबून बघा. ओळख पटली नाही तरी चालेल, आमचं काही अडत नाही. फक्त शेजारी कोण उभं आहे, तेही अधूनमधून बघत जा.